मंठ्याचा दगड

रविवार, १४ डिसेंबर. जालना.

आज बापूंनी माझा सिनेमा पाहिला. एड्सचं नाव काढलं तरी माणसं लांब सरकायची, त्या काळातली गोष्ट. एकमेकांवर जीव असलेले दोन गडी. एकाला तो आजार, दुसरा त्याला मोटरसायकलवर भोकरदनहून औरंगाबादच्या दवाखान्यात नेतो. माझाही जीव गड्यावरच जडतो, हे बापूंना सांगायची हिंमत कधी झाली न्हाई. म्हटलं, पडदाच सांगंल.

बापूंनी तीस वर्षं एसटी चालवली. सिनेमा संपला. मंग म्हणाले, "त्या रस्त्यात मंठ्याचा दगड कुठून आला रे?"

मंठ्याकडचा रस्ता रिकामा मिळाला म्हणून तिकडं शूटिंग केल्तं. कडंचा मंठा लिहिलेला मैलाचा दगड कोणाच्याच ध्यानात आला न्हाई. पण एवढ्या सिनेमात यांना दगडच दिसला? रागच आला.

"मंठा बिलकुल उलट्या बाजूला," बापू म्हणाले. "आपलं माणूस मागं तापानं फणफणून राह्यलंय, अन् एवढा फेरा घालतं का कोणी?"

आपलं माणूस. बापूच म्हणाले.

सिनेमातनं दगड कापायचा न्हाई. कोणी विचारलं तर छाती फुगवून सांगीन, ही चूक माझ्या बापानं काढलीय.