धुतलेला चेहरा

प्रिय कोनोमी,

तू फोन बंद ठेवलायस, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बोलणार आणि तू मध्ये तोंड घालू शकणार नाहीस. हिरोनोबुनं सगळं सांगितलं. जबड्यातली गाठ परत आलीय, गुरुवारी ऑपरेशन झालं नाही तर डॉक्टर हात टेकतील, आणि तू "आता उरलेला गालही त्यांनाच देऊ का?" म्हणून दार लावून बसलीयस. चाळिशीचा भाऊ तुझा, माझ्यासमोर ढसाढसा रडला गं.

टोकियोत शिबुयाच्या चढावर आपलं मुलींचं मंडळ बसायचं. फॅशन म्हणून चेहरे रंगवून कोळशासारखे, ओठ पांढरेफटक, डोळ्यांभोवती चुन्याची वर्तुळं. लोक आपल्याला डोंगरातल्या राक्षसिणी म्हणायचे आणि आपण ती पदवी मिरवायचो. मी पडले बौद्ध देवळातल्या पुजाऱ्याची मुलगी. तशी रंगून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "तोंड काळं करणारे लपून बसतात, बाळ. तू तर दिव्याखालीच येऊन उभी राहिलीस." हे ऐकून तू म्हणालीस, "इक्कू, तुझ्या बाबांना मंडळात घेऊ या!"

आणि तुझा तो एकमेव कडक नियम: धुतलेला चेहरा कुणी कुणाला दाखवायचा नाही. इझूच्या सहलीत आपण रंगासकट झोपलो. सकाळी उशा बघून सरायवालीनं कपाळाला हात लावला. विसाव्या वर्षी रीतीप्रमाणे मंडळातून निवृत्त होताना तू रडलीस, तेव्हाही ओरडलीस, "रंग ओघळतोय, भिंतीकडे तोंडं करा!" आम्ही केली. पुढे लग्नं झाली, मोडली, तरी भेटताना दोघी रंगूनच आलो. म्हणजे तू माझी सर्वांत जवळची मैत्रीण, आणि तुझा खरा चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही. मग त्यातला अर्धा गेला तर मला काय कळणार? मी तुलना करू तरी कशाशी?

देवळाच्या कृपेनं संस्कृत शिकले, त्याचा आज थोडा उपयोग होऊ दे. 'मुख्य' हा शब्द 'मुखा'वरूनच झालाय. तू आमची मुख्य. मुख उणं झालं की मुख्यपण जातं, असा नियम मला कुठल्याही व्याकरणात सापडला नाही. खरंच शोधला गं, वेड्यासारखा.

आता खरं सांगते. या पत्राला तिकीट नाही. सकाळपासून मी तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर बसलेय. हाका मारून मारून आवाज पार गेलाय, म्हणून लिहितेय. शेजारच्या आजींनी विचारलं, "आणखी चहा देऊ, की पोलिसांना बोलावू?" मी चहाच मागितला, कारण पोलिसांना बोलवा म्हणायचं धाडस होईना. आतून काहीच आवाज येत नाहीये, कोनोमी. नळाचा नाही, पावलांचा नाही. ऑपरेशनवरून नंतर भांडू. चेहरा दाखवू नकोस, दारही उघडू नकोस. हे पत्र ज्या फटीतून आत पडलं, तिच्यातून नुसतं एक बोट बाहेर काढ. कुठलंही. करंगळीसुद्धा चालेल.

फटीला हात लावून बसलेली,
तुझीच
इकुयो