गाळलेलं कडवं

१८ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या जेवणानंतर घे म्हणून सांगितलं होतं. तू उपाशीपोटीच घेत असशील. मुलाला, सुनेला आणि नातवाला आशीर्वाद सांग. उत्तराला उशीर झाला, कारण विचारू नकोस. अक्षर मोठं दिसेल. जाड पेन हाताशी होतं, तेच घेतलं. ओळी वरखाली गेल्या असतील, तर त्यावर हसत बसू नकोस.

इथे नवीन काही नाही. जिन्यातला दिवा पुन्हा बंद आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा पुन्हा विचारलं, "एकट्याच राहता, भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "तुम्ही आल्यावर वाटते." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

अंधांच्या ग्रंथालयातलं माझं काम थांबलं. निवृत्तीनंतर पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला मी तिथे जात होते, ते तुला ठाऊक आहे. कसं थांबलं ते सांगते, कारण त्यात आपली जुनी कविता आहे. खिंडीची. मी कॉलेजात असताना ती म्हणत घरभर फिरायची आणि तू कानात बोटं घालून बसायचीस, तीच.

तुला आठवत नसेल. प्रवाशांचा एक जथा डोंगर चढतो. खिंडीत पोचल्यावर एक जण म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मी इथेच राहतो. बाकीचे उतरू लागतात, त्यांचे कंदील खाली खाली जातात. शेवटच्या कडव्यात तो झोपडीचं दार लावतो, शेकोटी पेटवतो आणि म्हणतो की ही शांतता मी निवडली आहे. कॉलेजात मी तिच्यावर निबंध लिहिला होता: लादलेलं एकटेपण वेगळं, निवडलेलं वेगळं. पहिल्याला कीव लागते, दुसऱ्याला कणा. पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी निवृत्त झाले तेव्हा तू लिहिलंस, "ताई, मागची खोली रिकामी आहे, ये." मी तुला चार पानी उत्तर पाठवलं, त्यातही हाच निबंध होता. तू परत लिहिलंस, "बरं."

तर, कवितांचं एक पुस्तक रेकॉर्ड व्हायचं होतं. त्यातली ही कविता मी मागून घेतली. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जाड गादीच्या भिंतींचं कपाटच. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. खुर्ची करकरली तरी तो थांबवतो. तिथला नियम असा की छापलेलं सगळं वाचायचं. कंस, तळटीप, मोकळी ओळ, सगळं बोलून सांगायचं. ऐकणाऱ्याला कागदावरची कुठलीच गोष्ट कमी मिळता कामा नये. हा नियम नव्या वाचकांना मीच शिकवत होते.

मी कविता वाचली, मग दहा मिनिटं तिचा अर्थ सांगितला. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी तशी परवानगी होती. कणा वगैरे सगळं आलं.

कानसेन म्हणाला, "बाई, पान उलटल्याचा आवाज नाही आला."

"छोटी कविता आहे. एका पानावर मावली असेल."

"असेल म्हणजे? पुस्तक तुमच्याच समोर आहे ना?"

मी त्याला म्हटलं, तू तुझी बटणं बघ.

पंधरवड्याने एक प्राध्यापिका भेटायला आल्या. जन्मापासून दिसत नाही, हीच कविता वर्गात शिकवतात. ब्रेलमधलं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आवाज छान आहे तुमचा. पण चौथं कडवं का गाळलंत?"

"चौथं म्हणजे शेवटचंच."

"शेवटचं पाचवं."

आणि त्यांनी बोट फिरवत ते वाचून दाखवलं. धाकटे, मी ते आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यात तो माणूस झोपडीबाहेर येतो आणि उतरणाऱ्यांना हाका मारतो. एकेकाचं नाव घेऊन. थांबा म्हणतो, मीही येतो म्हणतो. कंदील उतरतच राहतात. घसा बसेपर्यंत हाका मारतो, मग पाचव्या कडव्यात आत जातो, दार लावतो आणि मग म्हणतो की मी निवडलं.

त्या म्हणाल्या, "जुन्या क्रमिक पुस्तकात हे कडवं नव्हतं. मुलं खचतील म्हणून काढलं होतं म्हणतात. तुम्ही तेव्हाची पाठ म्हटलीत का?"

"हो."

"पण पुस्तक समोर होतं ना?"

कानसेन काचेपलीकडून उठून आमच्या खोलीत आला होता. पान उलटलं नाही, तेव्हाच त्याला कळलं असावं.

आता तुलाही कळलं असेल. बघायला गेलं की मधलंच जातं. समोरच्या माणसाचा चेहरा जातो, त्याच्या शेजारचं दार दिसतं. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, लागू पडली नाहीत. हळूहळू कडेचंही कमी होईल म्हणाले. वर्षभर भिंग लावून वाचलं, तेही संपलं. ही कविता पाठ होती म्हणून मागून घेतली होती. अजून एक दिवस त्या खुर्चीवर बसायला मिळावं, एवढंच होतं मनात.

कविता दुसऱ्या वाचकाकडून पुन्हा करून घेतली, माझा अर्थ काढून टाकला. ते बरोबरच केलं. संचालक सज्जन आहेत. म्हणाले, "बाई, आता इथल्या सभासद व्हा. ऐकायला या." अर्ज त्यांनीच भरला. सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेवून दिलं.

घरी येऊन मी त्या कडव्याचाच विचार करते आहे. मी कधी हाक मारली नाही. कारण मला वाटायचं, तू पुन्हा विचारशील. आणखी एकदा विचारशील, मी आणखी एकदा नाही म्हणेन, आणि हे असंच चालेल. याला मी निवड म्हणत होते. तू एकदाच विचारलंस, माझं म्हणणं मानलंस आणि आपल्या कामाला लागलीस. त्यात तुझी चूक नाही.

मागच्या खोलीत आता नातू अभ्यास करतो, तूच लिहिलं होतंस. सून नोकरी करून घर चालवते, तुझे गुडघे असे. त्यात डोळ्यांनी अधू बाई कोणाला हवी असेल, हे मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर नाही म्हटलं असतं, आणि स्पष्ट म्हटलं असतं.

तरी लिहिते. मला तुझ्याकडे यायचं आहे. मला इथे राहवत नाही.

उत्तर कागदावर पाठवू नकोस. ते मला काकूंकडून वाचून घ्यावं लागेल. फोन कर. नाही म्हणायचं असलं तरी फोन कर. मी घरीच असते.

तुझी
ताई