बाहेरची कडी

३ तारीख, सोमवार
लागले बाई एकदाची कामाला. टीव्हीवर खऱ्या दुर्घटनांची मालिका असते ना, पडलेले पूल, बुडालेल्या बोटी, तिच्या कपडेपटात. जन्मभर कपडे धुतले, आता मळवायचा पगार घेणार. नव्या सदऱ्यांना काजळी फासायची, बाह्या जाळायच्या, की नटमंडळी संकटात सापडलेली दिसतात. दिग्दर्शकाला म्हटलं, तुझ्या तोंडाला काजळीची गरज नाही हो, तसंच पुरे. सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.
मी इथे का आले, ते कुणाला सांगितलेलं नाही.

५ तारीख
पुढचा भाग गाद्यांच्या कारखान्याच्या आगीचा. आमचे हे त्यातच गेले, आणखी अकरा जणांबरोबर. चौकशीत ठरलं, आग ह्यांच्या सिगारेटने लागली. ज्या माणसाला शेजारच्या चुलीचा धूर सोसायचा नाही, त्याची म्हणे सिगारेट. कापूस चोरीला जातो म्हणून मॅनेजर साहेब दाराला बाहेरून कडी घालून जेवायला जायचे, हे ह्यांनीच मला सांगितलेलं. साहेब म्हणतात, दार उघडंच होतं. तेच आता कॅमेऱ्यासमोर सांगायला येणार आहेत. येऊ देत.

८ तारीख
कारखान्याची खोली हुबेहूब उभी केलीय. सुताराला लाडीगोडी लावून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. म्हणाला, मावशी, नकाशात कडी नाही. म्हटलं, तुझ्या लग्नपत्रिकेत तरी टक्कल कुठे छापलं होतं? हसत हसत ठोकून दिली.
बेत साधा आहे. साहेब आत बसले, की कडी घालायची. कॅमेरा चालू. घाबरून खरं बोलेल मेला, की लगेच उघडायची.

९ तारीख
सदऱ्यांच्या ढिगात तळाला एक निळा निघाला. खिसा लाल दोऱ्याने शिवलेला. टाके माझे. घरात निळा दोरा असून मुद्दाम लाल घेतला होता, ह्यांना चिडवायला. त्याच सदऱ्यात हे जळाले.
धुतला. वाळता वाळता पुन्हा काळा झाला.

१० तारीख
खुंट्यांवरचे बाराही सदरे काळे. मी एकालाही हात लावलेला नाही. बाह्या भरल्यासारख्या, सगळ्या दाराकडे वळलेल्या. जळक्या कापसाचा वास. सुताराला येत नाही म्हणे.
ह्यांना बजावलं, फक्त वदवून घ्यायचंय हं. तेवढंच.
निळी बाही हलली.

११ तारीख, दुपार
सगळे जेवायला गेलेत. साहेब एकटेच आत, आपलं बोलणं घोकत. कॅमेरा चालू ठेवायला कॅमेरावाल्याला सकाळीच पटवलं होतं.
कडी घालायला गेले, तर घातलेलीच.
खुंट्या रिकाम्या.

साहेब दार बडवतायत. मी बाहेर स्टुलावर बसून लिहितेय. मजा वाटतेय, खोटं कशाला बोलू.

साहेब बोलले. म्हणाले, त्या दिवशी कडी मीच घातली होती. सिगारेटही माझीच. सगळं बोलले. अहो, ऐकलंत ना –

दाराखालून धूर. आत पेटवायला काहीच नाही. काडीसुद्धा नाही –

कडी तापलीय. हात भाजला. फडकं गुंडाळून बघते

उजवा हात कडीवर. त्याच्यावर ह्यांचा. निळी बाही, लाल टाके. दाबून धरलाय. डाव्या हाताने लिहितेय –

लोकांना वाटेल मीच

आतून आवाज येत नाही आता. झालं ना तुमच्या मनासारखं. सोडा की आता माझा