आप्पांची फटफटी आणि माझी हजेरी

ती. रतिलालमामांना,

भाचा हेमकांतचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. सुरतेत तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या लेकीच्या, रुपाताईच्या, इमारतीची लिफ्ट चालू झाली का, की अजून तुम्ही खाली उतरायचं म्हटलं की मामींना धडकी भरते? फोनवरच विचारणार होतो, पण गाडीचं नाव काढलं की तुम्हाला नेमकं ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. कागदाला कानाची गरज नाही.

गाडी मी का घेतली ते तुम्हाला माहीत आहेच, तरी पुन्हा सांगतो. गावाहून तळोद्याला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली की नाही हे ठरवणारा ड्रायव्हर माझ्या कचेरीत कामाला नाही. रोज उशीर. शेवटी साहेबांनी लेखी दिलं की यापुढे उशीर झाला तर बदली वर डोंगरात, मोलगीला. मोलगीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आईला (म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीला) आता चुलीवरचं भांडंसुद्धा चाचपून उचलावं लागतं. मोलगीहून मी रोज संध्याकाळी घरी कसा येणार? एवढ्यासाठीच, तुम्ही दुधाची लाइन बंद करून सुरतेला निघालात तेव्हा तुमची फटफटी घेतली. "घरनी गाडी शे भो, डोया मिचीसन ली ले," असं तुम्ही म्हणालात. मी खरंच डोळे मिटून घेतली. उघडे ठेवायला हवे होते.

पहिला महिना ती फत्तेसिंगच्या गॅरेजमध्येच नांदत होती. कार्बोरेटर उघडला तर आत गवत निघालं. (ते कुठून गेलं यावर फत्तेसिंग अजून विचार करतो आहे.) क्लचची वायर बदलली, प्लग बदलला, सीट नवी शिवून घेतली, कारण जुन्या सीटवर ऊन पडलं की आंबट दह्याचा वास सुटायचा आणि आमची लेक मयूरी मागे बसायला तयार होईना. हॉर्न ब्रेक दाबल्यावरच वाजतो, म्हणजे आधी थांबायचं आणि मग समोरच्याला बाजूला व्हायला सांगायचं. हे दुरुस्त होणार नाही, सवय करून घ्या, असं फत्तेसिंगचं मत पडलं. केली. माणूस थकला की कशाचीही सवय करून घेतो.

पण खरा घोटाळा गाडी चालू लागल्यावर झाला. मामा, तुम्ही इतकी वर्षं सकाळी त्या रस्त्यानं दूध गोळा करत गेलात, त्यामुळे त्या सायलेन्सरचा आवाज तापीकाठच्या प्रत्येक गोठ्याला पाठ आहे. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा अडकवून निघालो, तर पुढच्या गावात घराघरातून बाया पातेली घेऊन धावत बाहेर. "आप्पा उना वं!" मी थांबून समजावलं की मी आप्पा नाही, त्यांचा भाचा, कचेरीत निघालोय. "मंग काय झाये? गाडी तर आप्पानीच शे, दूध लई जाय ना!" दूध नेलं नाही तर निदान तुमची तब्येत तरी सांगायची. प्रत्येक फाट्यावर तुमचे गुडघे. एकानं एरंडाची पानं बांधायला सांगितली, दुसऱ्यानं ती मुळीच बांधू नका म्हणून. जीपनं होत नव्हता एवढा उशीर तुमच्या लोकप्रियतेनं होऊ लागला. माझी तब्येत आजवर एकानंही विचारलेली नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी जालीम उपाय केला. फत्तेसिंगकडून नवा सायलेन्सर बसवून घेतला. गाडी मांजरीसारखी गुपचूप जाऊ लागली. एक पातेलं बाहेर आलं नाही. वेळेवर पोचलो, सही केली, साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

परवा वळणावर चेन उतरली. चिंचेखाली तुमची ती भुरीबाई बसली होती, पुढ्यात दुधाची चरवी, वर फडकं. मला बघून म्हणाली, "आप्पानी गाडीना आवाज येत नही आते. मी तं रोज दूध काढीसन बठेल ऱ्हास." मी म्हटलं, मावशी, आप्पा आता येत नाहीत, मी सांगितलं होतं ना? तर म्हणे, "तू सांगं व्हतं. पन गाडी तं येत व्हती." मला फार वाईट वाटलं, मामा. तिथेच चेन चढवत बसलो आणि हात पुसायला काही सापडेना, तेव्हा तिनं चरवीवरचं फडकं काढून दिलं.

तर एकूण असं आहे. मी दमलो आहे. ही गाडी रोजच्या कामाची नाही, ती तुमच्याच कामाची आहे. तुम्ही येऊन तिला घेऊन जा. बदल्यात मला काही नको, फक्त झोप हवी.

मामींना नमस्कार, रुपाताईला आशीर्वाद मागितला म्हणून सांगा.

तुमचा थकलेला भाचा,
हेमकांत

ता. क. जुना सायलेन्सर फत्तेसिंगनं भंगारात टाकला नव्हता. काल परत बसवून घेतला. आवाज होता तसाच आहे, मयूरीनं कानात कापूस घातला आहे.

ता. क. २. दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी हूक तुम्ही काढून सुरतेला नेलेत, ते तिथं फ्लॅटमध्ये कशाला लागतात? लगेच पाठवा. दुधाचं मापही पाठवा. कॅन इथं मिळतील. भुरीबाईचं दूध बिनपाण्याचं असतं ना, तेवढं खासगीत कळवा.

ता. क. ३. मुख्य गोष्ट राहिलीच. साहेबांच्या मिसेस, दीपालीवहिनी, तुमच्या गिऱ्हाईक होत्या हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत! सायलेन्सर बदलायच्या आधी गाडीचा आवाज साहेबांच्या क्वार्टरवरून न थांबता पुढे जायचा आणि त्या पातेलं घेऊन फाटकात उभ्या. आपण एकदा दुधात पाणी आहे म्हणालो, म्हणून आप्पा नेमकं आपलंच दार टाळतात, असं साहेबांच्या मनानं घेतलं. काल मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुमच्या भागातले ते आप्पा अजून रागावलेत का हो?" मी सगळं सांगितलं. साहेबांनी खुर्ची दिली. मोलगीचा कागद फाईलमधून काढून चहाच्या कपाखाली ठेवला. म्हणाले, आधी क्वार्टरवर दूध, मग सही. आप्पांची जी वेळ, तीच तुमच्या हजेरीची. ती वेळ वहिनींना आठवत नाही, कारण ती तुम्हालाही कधी माहीत नव्हती. तरी तुमच्या हातानं एका ओळीत लिहून पाठवा, साहेबांना दाखवायची आहे.

जरा उशिराचीच लिहा.