आई सांगते, दीना लिहिते

संत तुकाराम नगर, पिंपरी
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. नाओमीस,
दीना आत्याचा शालोम आणि उत्तम आशीर्वाद. 'अनेक' हा शब्द यावेळी मुद्दाम गाळलाय.

वाकड इथून अर्ध्या तासावर, फोन उशाशी, तरी पत्र लिहितेय. कागद मी सांगते तेवढंच घेतो, तुझ्या फोनचा भरवसा राहिला नाही.

शहरात उरलेल्या आपल्या बेने इस्राएल म्हाताऱ्यांच्या आयुष्याच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करायच्या, असं तू म्हणालीस, तेव्हा पहिला होकार माझा. चार रविवार खुर्चीत ताठ बसून बोलले. अलिबागेकडचं गाव, पूर्वजांचे तेलाचे घाणे, माझी कंपनीतल्या पॅकिंग खात्याची तीस वर्षं. तुला ते अळणी लागलं, हे तुझ्या जांभया सांगत होत्या.

शुक्रवारी शब्बाथचा दिवा लागला की माझ्या घरात बटणाला कुणी हात लावत नाही. म्हणून तर त्या शुक्रवारी तू जेवायला थांबलीस तेव्हा मोकळेपणी बोलले. काल दुपारी शेजारच्या छबूबाईंची सून पूनम मोबाईल नाचवत आली, म्हणाली आजी, तुमचा आवाज आलाय. त्या शुक्रवारचं सगळं बोलणं अख्ख्या मजल्यानं ऐकलं. छबूबाई डोळे पुसत गेल्या आणि दारातून विचारून गेल्या, की हारूनभाऊंना हे माहीत आहे का हो.

नाही ना माहीत! माझा एकुलता एक सख्खा भाऊ, तुझा हारूनकाका, एकाहत्तर साली इस्राएलला गेला तो सहा महिन्यांत आईला बोलावतो म्हणून. बोलावलं नाही. आईला अक्षरओळख नव्हती. त्याचं पत्र आलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची, वाचूही द्यायची नाही. मी मोरीत उभी राहून वाचायची आणि 'आई सांगते की' अशी सुरुवात करून उत्तर धाडायची. बारा वर्षं, ती जाईपर्यंत. हारून आता एकोणऐंशीचा आहे आणि आईची म्हणून ती पत्रं अजून जपून ठेवतो.

ते आजच्या आज काढून टाक. आणि दिवा लागल्यावर यंत्र कसं चाललं, तेही कळव.

तुझी आत्या (अजून तरी),
दीना


वाकड
गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. दीना आत्यास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून दहावीनंतर पहिल्यांदा पत्र लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आत्या, शब्बाथ मी मोडला नाही. फोन साडेपाचलाच चालू करून फळीवर ठेवला होता, तू दिवा लावायच्या आधी. नंतर बोटही लावलं नाही. बॅटरी संपली ती आपोआप. शिवाय पहिल्या रविवारी तू संमतीपत्रावर सही केली आहेस, त्यात 'सर्व संभाषणे' असं स्पष्ट आहे. तू म्हणशील, वकील झालीस. पण चार रविवार तू शाळेतल्या भाषणासारखी बोललीस गं. त्या शुक्रवारी पहिल्यांदा माणूस बोललं. ते हातचं जाऊ द्यायचं?

तुझं पत्र मिळताच काढून टाकलं. पण एक सांगायचं राहतंय आणि ते फोनवर सांगायची हिंमतही नव्हती. मागच्या आठवड्यात मीच ते इस्राएलला, दिमोनाला, हारूनकाकांच्या नातवाला पाठवलं. काकांना तुझा आवाज ऐकून बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी दोनदा ऐकलं म्हणे. मग जेवणावरून उठले.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
नाओमी


दिमोना
रविवार, २३ नोव्हेंबर

चि. दीनास,
हारूनचा शालोम. प्रकृती ठीक आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो.

आईचं नाव घालून तू किती काय काय सांगितलंस, ते आठवडाभर वाचत बसलो आहे. आई सांगते की थंडीत कान बांधत जा. मी ह्या वाळवंटात बारा वर्षं कान बांधून हिंडलो, कामावरची माणसं हसायची. फसवायचंच होतं तर निदान इथली हवा तरी विचारायची होतीस.

पण कानांचं सोड. मर्सेलशी लग्न करू का, असं मी विचारलं होतं. आई सांगते की मुलीला मराठी येत नसलं तरी ती शब्बाथ पाळते ना, मग पुरे. त्या एका ओळीवर मी एक्केचाळीस वर्षं संसार केला. मर्सेल भांडायला उठली की तिला ती ओळ भाषांतर करून ऐकवायचो, आणि ती गप्प व्हायची. आईला नेलं नाही म्हणून मी पत्रापत्रातून माफी मागितली आणि ती मला मिळाली. मिळाली म्हणून मला झोप लागायची. आता कळतं, ती तू दिलीस. तुला हा हक्क कुणी दिला?

आई माझ्या लग्नावर खरोखर काय बोलली, ते लिही. ह्यावेळी तरी तिचंच.

हारून


संत तुकाराम नगर, पिंपरी
सोमवार, १५ डिसेंबर

ती. हारूनदादास,
दीनाचा शालोम आणि सा. न. वि. वि.

आई तुझ्या लग्नावर काही बोलली नाही. मी सांगायला गेले तेव्हा ती भाकरी थापत होती, थापत राहिली. तिनं तुला माफ केलं नाही. शेवटच्या दिवशीही नाही. मला हक्क कुणी दिला विचारतोस, तर कुणीच नाही. तू येत नव्हतास, ती बोलत नव्हती आणि घरात लिहिता येणारी मी एकटी होते.

नाओमीनं चोरी केली आणि वर कलमं दाखवली, ते मी विसरणार नाही. पण मीही तुझ्याशी तेच केलं, हे मान्य करते. फसवलं तुला.

आता माझं. तुझं पत्र आल्यावर ट्रंकेतून तुझी सगळी पत्रं काढली. एकशे सव्वीस आहेत. दीनाचं कसं चाललंय, असं कुठे विचारलंयस का ते बघत होते. दोन ठिकाणी 'लिहून देणारीस आशीर्वाद' सापडलं. अठ्ठ्याहत्तर साली मला तळेगावचं स्थळ आलं होतं. आई सांगते की दीनाला मागणी आली आहे, तुझं मत कळव, असं मी तुला लिहिलं. आईला काय, ती भिंतीकडे बघत होती. विचारणारी मीच होते. तू आईला तिकडे नेणार आहेस का, की मी तिच्यापाशीच राहायचं, एवढं तुझ्याकडून कळलं असतं तरी पुरे होतं. उलट टपाली तू चार पानं लिहिलीस, तुझ्या दाढेबद्दल. मी तळेगावला नकार कळवला आणि तुला लिहिलं, की आई सांगते लवंग धर.

आई गेल्याचं कळवलं तशी तुझी पत्रं थांबली. वर्षाला एक छापील कार्ड यायचं, 'नवगावकर कुटुंबीयांस'. कुटुंबीय म्हणजे मी.

गुरुवारी पोस्टमननं तुझं पाकीट दिलं आणि मी जिन्यातच थबकले. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा पत्त्यावर माझं नाव होतं. आत शिव्याच असणार, हे माहीत असूनही फोडायला कात्री आणली. फाटू नये म्हणून.

लोभ असावा, असं शेवटी लिहितात. तो कधी होता का, तेवढं कळव.

दीना