मागच्या फाटकासाठी एक सूचना

लष्कर, ग्वाल्हेर
६ जानेवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास अनसूयाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. बडोद्याच्या थंडीचे वर्णन तू ग्वाल्हेरच्या माणसाला ऐकवावेस, हे धाडस रेल्वेच्या नोकरीतच अंगी आले असणार. इथे सकाळी दहापर्यंत धुक्यात समोरचे घर दिसत नाही. फोनवर तू मध्येच टीव्ही पाहतोस हे मला कळते, म्हणून सविस्तर पत्र लिहीत आहे.

आमच्या गल्लीमागची सुभेदार बाग नव्याने विकसित होणार आहे. बागांचे भविष्य नागरिकांनीच ठरवावे असा उदात्त विचार कोणाला तरी सुचला. त्यासाठी एक सल्लागार संस्था नेमली गेली आणि तिने घरोघर अर्ध्या पानाचा छापील कागद वाटला. त्याचे नाव सुझाव प्रपत्र, म्हणजे सूचनांचा अर्ज. त्यात चार चौकोन आहेत. काय आवडते, काय आवडत नाही, काय हवे. आणि चौथ्यात एक हसरा व एक रडका चेहरा, त्यांपैकी एकावर खूण करायची. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, गुरू. कोणी माझ्याकडून चेहऱ्यावर खूण करून घेईल, असे वाटले नव्हते.

आराखडा वाचनालयाच्या भिंतीवर लावला आहे. जिथे कडुनिंब आहे तिथे गुलमोहर रंगवला आहे आणि मध्यभागी सेल्फी पॉइंट. हेही मी एक वेळ सहन केले असते. पण आमच्या गल्लीकडचे मागचे फाटक त्यात नाही. तिथे सलग भिंत दाखवली आहे. संस्थेची सोनिका नावाची एक मुलगी तिथे बसते, तिला जाब विचारला. ती म्हणाली की आंटीजी, सुरक्षेच्या हिशोबाने मोठ्या रस्त्यावरून एकच एन्ट्री ठेवतो आहोत. पण अजून काहीच फायनल नाही, जास्तीत जास्त लोक जे सांगतील तेच होईल.

पक्षाघातानंतर तुझे भावोजी घराबाहेर जातात ते या बागेतच, दुसरीकडे कुठेही नाही. आमच्या दारापासून मागचे फाटक सत्तर पावलांवर आहे. रोज साडेदहाला काठी घेऊन ते निघतात, मी सोबत असते, आणि बाकावर तुकोजी बसलेले असतात. हे शेजारच्या गल्लीतले निवृत्त फौजी. त्यांना ऐकणारा माणूस लागतो आणि तुझ्या भावोजींचे शब्द आता फार सावकाश येतात, म्हणून जोडी जमली असावी. घरी मी त्यांची वाक्ये पुरी करते, नाहीतर दिवस पुरणार नाही. मोठ्या रस्त्याने जायचे तर भाजीच्या गाड्या आणि ई-रिक्षा चुकवत अर्धा मैल. ते त्यांना शक्य नाही. फाटक गेले तर ते घरातच राहणार.

गल्लीतल्या एकशे त्रेचाळीस जणांनी कागद भरून माझ्याकडे आणून टाकले आहेत. बाई नीट पोहोचवतील असा त्यांचा विश्वास. कागद वाचून माझे डोके दुखू लागले आहे. एकाने नुसते फाटक असे लिहिले आहे. फाटकाचे काय, याचा पत्ता नाही. सत्तावन्न जणांनी तर फाटक राहू द्या ही एकच गोष्ट सत्तावन्न वेळा सांगितली आहे. या अवस्थेत यातला एकही कागद सुशिक्षित वस्तीने द्यावा असा नाही. मी सर्व पुन्हा लिहायला घेतले आहेत.

प्रकृतीस जप. माया आहे तेवढी पुरे, पत्र मात्र याहून मोठे पाठव.

तुझी,
अनसूयाताई


बडोदे
१४ जानेवारी २०२५

ती. अनसूयाताईस गुरुप्रसादचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या डब्यातून पाठवला आहे. आकार एकसारखे नाहीत, पण लाडू मी वळले आहेत, तेव्हा शेरा मारण्याआधी एक खाऊन पाहा.

आज इथे आकाशात पतंगांखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे मला आपले लहानपण आठवले. मी आठ वर्षांचा असताना मामांना पत्र लिहून पतंग आणि मांजा मागितला होता. तू ते पत्र पोस्टात पडण्याआधी हातात घेतलेस, आणि इतके सुंदर करून लिहिलेस की मामांनी खूश होऊन मला शब्दकोश पाठवला. तो अजून कोरा करकरीत आहे.

म्हणून विचारतो. लोकांचे कागद पुन्हा लिहिणे हा तुझा निश्चय पक्का आहे का? आणि भावोजींनी स्वतः काय लिहिले, ते तुझ्या चार पानांत कुठेच नाही. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मला त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत कळव.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझा,
गुरू


लष्कर, ग्वाल्हेर
२७ जानेवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाडू पोहोचले. चव ठीक. त्यांच्या आकाराविषयी सणासुदीला बोलत नाही.

काम संपले. नई सडकेवरून चांगला कागद आणि दोन पेने आणली आणि एकोणीस दिवसांत एकशे त्रेचाळीस सूचना लिहून काढल्या. शब्दकोशाची कथा तू दर संक्रांतीला सांगतोस. या वेळी मात्र पद्धत पाहून तूही मान डोलावशील. पुनरुक्ती मी मुळातून काढली. एक मुद्दा एकाच कागदावर, आणि तो परिपूर्ण. फाटकाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून माझ्याच नावाच्या कागदावर सहा परिच्छेदांत मांडला. बाकीच्यांना उरलेले विषय वाटून दिले. कोणाला मातीचा निचरा, कोणाला देशी वृक्ष, कोणाला पावसाचे पाणी. तुकोजींच्या वाट्याला परागीभवन आले. अशी सुसंगत सूचनामाला त्या कार्यालयाने आजवर पाहिली नसेल.

सह्या घ्यायला घरोघर गेले. एकानेही वाचून सही केली नाही. बाईंनी लिहिले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे म्हणत कोपऱ्यावरच्या शिखाने तर पोळी लाटता लाटता पिठाच्या हाताने सही केली. अशा लोकांच्या हाती बागांचे भविष्य द्यायचे, म्हणजे कमाल आहे.

तुझ्या भावोजींनी काय लिहिले, असे तू विचारलेस. उजवा हात चालत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहिले. सकाळच्या चहाला बसले ते जेवणापर्यंत लिहीत होते. अक्षरे एकमेकांवर चढली होती आणि ओळ कागदाबाहेर गेली होती. फाटकाविषयीच काहीतरी होते. पण तो मुद्दा घेऊन झाला होता, म्हणून त्यांच्या नावाने मी जमिनीतील ओलाव्यावर लिहिले. त्यांनी नवा कागद बराच वेळ पाहिला आणि सही केली. शुद्ध प्रत तयार झाली की कच्चे कागद ठेवायचे नाहीत, हा माझा जुना नियम तुला ठाऊक आहे. सर्व फाडून टाकले.

आता निकालाची वाट पाहत आहे. घरी सर्वांना आशीर्वाद, आणि तुझ्या मनात आम्हांला जागा असू दे.

तुझी,
अनसूयाताई


लष्कर, ग्वाल्हेर
१९ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहीत आहे, कारण संताप आवरत नाही.

वाचनालयात यादी लागली. प्रत्येक मागणीपुढे ती करणाऱ्यांची संख्या. सेल्फी पॉइंट, चौसष्ट. रंगीत कारंजे, बावन्न. मागचे फाटक, एक. एक! माझे सहा परिच्छेद, त्यांतला युक्तिवाद, पादचाऱ्यांच्या मार्गाचे मोजमाप, सगळ्याचे मूल्य एक. यादीच्या तळाशी परागीभवनापुढेही एक आहे, म्हणजे फाटक आणि परागीभवन यांना समान मान. त्या सोनिकेला मी विचारले की तुम्ही वाचता की नुसते मोजता. तिने फार नम्रपणे सांगितले की आंटीजी, दोन्ही करतो. तुमच्या गल्लीतून फाटकाची एकच मागणी आली, याचे आम्हांलाही आश्चर्य वाटले.

भिंतीचे काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. ९ मार्चला बागेत जनसुनवाई आहे, ती निव्वळ औपचारिकता. घरी तुझ्या भावोजींना सांगितले. आज साडेदहाला त्यांनी काठीही घेतली नाही. सवय करून घेतो, असे म्हणाले. निदान तसेच म्हणायचे असावे. अर्धे मीच पुरे केले.

सांग, अशा अडाणी कारभाराला काय करावे?

तुझी,
अनसूयाताई


बडोदे
२५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. नमस्कार. वि. वि.

कारभार अडाणी नाही, ताई. फाटक मागणारे सत्तावन्न होते. छप्पन्न तू खोडलेस.

तिथे कोणी निबंध तपासत नव्हते. किती माणसांना काय हवे आहे, एवढेच मोजत होते; आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यातच त्या लोकांची सगळी ताकद होती. तुला ती पुनरुक्ती वाटली. भावोजींनी सकाळभर बसून जे लिहिले, ते तर तू फाडलेस. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण तू मला आयुष्यभर स्पष्ट लिहायला शिकवलेस.

जनसुनवाईला बारा दिवस आहेत. कोरे कागद घे आणि लोकांकडे जा. लिहू त्यांना दे. तुझे पेन घरी ठेव.

आणि यावर मोठे उत्तर लिहीत बसू नकोस. कामाला लाग.

तुझा,
गुरू


लष्कर, ग्वाल्हेर
२० मार्च २०२५

चि. गुरुप्रसाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोन दिवस टेबलावर ठेवले होते. त्यात खोडण्याजोगे एकही वाक्य सापडले नाही, म्हणून अधिकच राग आला. तिसऱ्या दिवशी सोनिकेकडून कोरे कागद घेतले. ती म्हणाली की सुनवाईच्या दिवशी दिले तरी मोजू.

घरोघर काय ऐकून घेतले, ते सविस्तर सांगणार नाही. शिखाने विचारले की बाई, या वेळी चूक झाली तर किती गुण कापणार. तुकोजी म्हणाले की बाईसाहेब, मागच्या खेपेला मला मधमाशी केलेत, आता माणूस म्हणून लिहू द्याल ना. त्यांच्या घरात नातवंडे त्यांना चिडवायला अजून भुणभुण करतात. आठ-दहा जणांनी दारातूनच हात जोडले. मी त्यांच्या जागी असते, तर दारही उघडले नसते. एकसष्ट जणांनी लिहिले. काय लिहिले ते मी वाचले नाही. कागद उलटे धरून गोळा केले. हे किती अवघड होते, ते फक्त तुलाच कळेल.

तुझ्या भावोजींपुढे कागद ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले की एकदा लिहिले होते. मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली, पण पुढे काही नव्हते.

तरी ९ तारखेला ते आले. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घाईत असलेला एक अधिकारी. मोजणी तिथेच झाली. एकसष्टपैकी एकोणपन्नास कागदांवर फाटक होते. अधिकारी म्हणाला की संख्या ठीक आहे, पण संध्याकाळी मागून दारुडे शिरतात, त्याचे काय करायचे. यावर सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात तुझे भावोजी काठीवर भार देऊन उभे राहिले, आणि गलका थांबला.

पहिला शब्द यायलाच इतका वेळ लागला की अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाला की आंटीजी, आप ही बता दीजिए. संपूर्ण वाक्य माझ्या ओठांवर तयार होते, गुरू. क्रियापदासकट. मी खाली पाहत बसले. त्यांना चार मिनिटे लागली. ते म्हणाले की बागेत तुकोजी असतात. माझे बोलणे संपेपर्यंत ते थांबतात. दुसरे कोणी थांबत नाही. तिथवर मला याच फाटकाने जाता येते. मग बसले, आणि पुन्हा उठून म्हणाले की संध्याकाळी खुशाल कुलूप लावा, मी सकाळी येतो.

माझ्या सहा परिच्छेदांत कुलपाचा विचारच नव्हता. आणि तुकोजी ऐकतात, हे मला त्या मांडवात चारचौघांसमोर कळले. दोन वर्षे मी त्याच बाकाच्या टोकाला बसत होते.

सोमवारी सुधारलेला आराखडा लागला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा फाटक उघडे राहील. सेल्फी पॉइंटही आहे, आणि त्याचा रंग पाहवत नाही.

मंगळवारी साडेदहाला मी नेहमीप्रमाणे चप्पल घालून दारात उभी राहिले. ते म्हणाले की आज तू येऊ नकोस. का, असे मी विचारले नाही. फाटकातून आत जाईपर्यंत दारातून पाहत राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. घरात येऊन तांदूळ निवडत बसले. दीड तास अगदी संपता संपेना; शेवटी भात टाकला.

परत आले तेव्हा तोंडावर हसू होते. काय बोललात, असे मी विचारले. सांगतो म्हणाले, खुर्चीत बसले, आणि शब्द जुळवू लागले. आत भात खाली लागल्याचा वास सुटला होता. मी उठले नाही.

इथे थांबते. त्यांचा तुला नमस्कार आहे. बाकी जे लिहायचे ते ते स्वतः लिहिणार आहेत, तेव्हा पत्राला उशीर झाला तर समजून घे.

तुझी,
अनसूयाताई