ड्रायरचा थांबायचा वेळ

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, बाकी ठीक. तुझ्या खोलीत तिने शिवणयंत्र ठेवलंय. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता आईकडून काढून घेतला. दर रविवारी तुम्ही दोघं अर्धा अर्धा तास बोलता हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी खोलीत आले की तिचा आवाज बारीक होतो.

पत्रास कारण म्हणजे ड्रायर.

तू लॉन्ड्री सोडून सात महिने झाले आणि सात महिने तो मोठा ड्रायर मला छळतोय. चादरी भरल्या की ड्रम मजेत फिरतो. पण थांबायची वेळ आली की मोटरचा वेग सांभाळणारा तो ड्राइव्हचा डबा ट्रिप, सगळं बंद! दर वेळी एकच कोड, ओव्हरव्होल्टेज. हलका लोड असला तर शहाण्यासारखा थांबतो. जाड पडदे, घोंगड्या भरल्या की हमखास रुसतो. मग मी पॅनेल उघडायचं, रीसेट मारायचं, दार लावायचं, आणि तासाभराने पुन्हा तेच.

मी काय काय बघितलं ते सांगते, नाहीतर म्हणशील पोरीने नुसता रीसेट मारला. आठवडाभर मीटर लावून बाहेरून येणारी वीज तपासली, ती ठीक आहे. मोटर तपासली, ती ठणठणीत. केबलचे सगळे स्क्रू आवळले. पंख्यातला कापसाचा बोळा काढला, केवढा निघाला म्हणून सांगू! ड्राइव्हमधल्या थांबायच्या वेळेच्या आकड्याचं म्हणशील तर तिथे बघायचा प्रश्नच येत नाही, तो बरोबर आहे.

मग उरतं काय? तू.

रागावू नकोस, आधी वाच. परवा मी पहिल्यांदा तो ड्राइव्ह नीट निरखून पाहिला. त्याच्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. असे स्क्रू आपल्याकडे एकच माणूस लावतो. ड्रायरचा ड्राइव्ह मी बसवला होता, दादा, आणि माझ्या स्क्रूंची तोंडं चार दिशांना असतात, त्यावरून तू मला कमी बोलला नाहीस. म्हणजे माझ्यानंतर तू तो काढलास आणि परत बसवलास. कधी? कशाला? मला का नाही सांगितलंस?

आणि ते पान. ते मी विसरलेले नाही. ‘सेटिंगला हात लावला की आधी वहीत लिहायचं, मग चहा प्यायचा,’ हा तुझाच नियम ना? आकडा काय होता, काय केला, कारण काय, खाली सही. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरच्या काकूंची बोटं भाजली त्या दिवशी मी वही उघडली तर जूनचं शेवटचं पान फाडलेलं. रोलरच्या ड्राइव्हमध्ये थांबायचा वेळ दोन सेकंदांचा बारा झालेला. हात आत जायला लागला म्हणून काकूंनी सुरक्षेची पट्टी दाबली, आणि तो तापलेला रोलर थांबता थांबेना. ‘दोन दिवसांपासून मेला आळसावलाच होता,’ असं त्या म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वी त्या पॅनेलमध्ये कोण होतं? तू. तू फक्त एवढंच म्हणालास की तो आकडा मी टाकला नाही. पानाचं विचारलं तर तोंडाला कुलूप.

साहेबांनी मला विचारलं म्हणून मी जे दिसलं ते सांगितलं. माझ्यावर डूख धरायचं काही कारण नाही.

पण डूख धरून ड्रायरला काही करून गेला असशील, तर आत्ताच सांग. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला नक्की कळतंय. या महिन्याच्या वीस तारखेला साहेब बाहेरचा तंत्रज्ञ बोलावणार आहेत. त्याला काही सापडलं तर तुझं नाव दुसऱ्यांदा निघेल, आणि ते तुझ्या नव्या कारखान्यापर्यंत जायला वेळ लागणार नाही. घरातल्या घरात मिटवायची ही शेवटची संधी समज.

तुझी (नाइलाजाने का होईना) बहीण


११ फेब्रुवारी

ठिणगे,

पत्र मिळालं. शिवणयंत्राचं तोंड खिडकीकडे करून द्या, आईला उजेड पुरेल. तिच्या गुडघ्याला शेक दे.

ड्रायरला मी काही करून ठेवलेलं नाही. फॉल्ट फक्त थांबताना येतो असं तूच लिहितेस. जड ड्रम झटकन थांबवायला गेलं की मोटरच उलटी वीज बनवून ड्राइव्हमध्ये ढकलते, त्याला ती सोसत नाही, म्हणून तो ट्रिप होतो. हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मग पहिली गोष्ट कुठली बघायची? थांबायचा वेळ. स्वतः लावलेला असला तरी बघायचा. बटण दाबून, डोळ्यांनी.

जो आकडा दिसेल तो पाहिजे तेवढा वाढव. ड्रायरमध्ये कुणाचा हात जात नाही, तिथे चालतं. बाहेरचा माणूस बोलवायची गरज पडणार नाही. वहीत आजची तारीख घालून लिही, मागचं काही उकरू नकोस. मला काढलं त्या दिवशी साहेबांनी पॅनेलला हात लावू दिला असता तर मीच करून निघालो असतो.

इथे पाण्याचे पंप आहेत. गुमान चालतात.

हे पत्र फाडून टाक.

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

पत्र फाडलेलं नाही, फाडणारही नाही. आपल्या घरात आता फाडाफाड पुरे झाली.

तुझं पत्र वाचून आधी मी भडकलेच. म्हटलं, हा मला पहिल्या आठवड्यातला धडा शिकवतोय! तणतणत पॅनेलपाशी गेले आणि बटण दाबलं. थांबायचा वेळ: दोन.

मी स्वतः त्यात बारा घातलेला होता, दादा. या बोटांनी. मे महिन्यात.

तिथेच बादली उपडी घालून बसले. वाटलं, चोर सापडला, यानेच बाराचे दोन केले. मग तुझं वाक्य पुन्हा वाचलं. ‘स्वतः लावलेला असला तरी.’ ड्रायरचा आकडा मी बदलला होता हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?

मग उठून स्टोअरच्या कपाटातून रोलरचा तो जुना ड्राइव्ह काढला. चौकशी झाल्यावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवला होता ना, तोच. टेबलावर त्याला वीज दिली आणि जुन्या फॉल्टची यादी उघडली. त्या वेळी आम्ही सगळे त्या बाराच्या आकड्याकडेच डोळे फाडून बघत बसलो होतो, ही यादी उघडायचं कुणालाच सुचलं नाही. यादीत सगळ्यात वर एकच ओव्हरकरंट, त्याखाली शेवटपर्यंत ओव्हरव्होल्टेज. रोलरने उभ्या आयुष्यात कधी ओव्हरव्होल्टेज दाखवलेला नाही, त्याचं दुखणं नेहमी ओव्हरकरंटचं. ओव्हरव्होल्टेज दाखवायचा तो ड्रायर.

वीज बंद केली आणि बोटांवर सगळं पहिल्यापासून जुळवलं.

तू अदलाबदल केली होतीस. रोलर सारखा ट्रिप होत होता, म्हणून तू नेहमीसारखं केलंस: ड्रायरचा ड्राइव्ह रोलरवर, रोलरचा ड्रायरवर, आणि बघ फॉल्ट कुणाबरोबर जातो. तो रोलरवरच राहिला, म्हणजे दोष केबलचा. केबल बदललीस, काम झालं. दोन्ही ड्राइव्ह एकाच मापाचे, परत फिरवायचं कारण नव्हतं; पण आकडा ड्राइव्हच्या पोटात असतो, तो त्याच्याबरोबर रोलरवर गेला. आणि तू काय बघून खात्री केलीस? वही. वहीत दोन्हीकडे दोन. वहीवर तुझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. वहीत बारा नव्हता, कारण मी तो लिहिलाच नव्हता.

आता खरं ते लिहिते. विसरले म्हणून लिहिला नाही असं नाही. तू ओरडशील म्हणून लिहिला नाही. ‘कारण न शोधता आकडा वाढवणं म्हणजे पळवाट,’ असं तू कितीदा म्हणायचास. मला त्या दिवशी घाई होती, पळवाटच हवी होती. म्हटलं, बंद दाराचा ड्रम, कुणाला काय कळतंय? तो बारा तुझ्या हातून काकूंच्या बोटांपर्यंत गेला.

आणि तू ते पान फाडलंस. अदलाबदल त्याच पानावर होती ना, तुझ्या सहीसकट? ते पान राहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, मग बारा आला कुठून? सरळ ड्रायरवर, म्हणजे माझ्यावर. काकूंचा हात पाण्याखाली धरलेला असताना तू एवढा सगळा हिशेब केलास आणि पान खिशात घातलंस. मी मात्र सात महिने म्हणत राहिले की पान फाडणारा तो चोर.

अजून एक आहे. ते लिहायला तीन वेळा पेन खाली ठेवलं. साहेबांनी मला काही विचारलं नव्हतं. मी आपणहून केबिनमध्ये गेले. वही काखेत घेऊन गेले आणि फाडलेल्या पानाची कड त्यांना दाखवली. काकूंच्या कळवळ्याने गेले असं मी आईला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण दादा, त्या लॉन्ड्रीत सगळे मला ‘दादाची बहीण’ म्हणायचे. एकदा तरी मला वाटलं की तू चुकावंस आणि ते मी शोधून काढावं. तू चुकलास असं दिसल्यावर मला रडू यायला हवं होतं. मला आधी बरं वाटलं. थू आहे माझ्यावर.

तू ‘मागचं काही उकरू नकोस’ लिहिलंस. उशीर झाला. तू अडवशील म्हणून आधी सगळं करून मग हे पत्र लिहायला बसले.

काल सकाळी साहेबांना दोन्ही ड्राइव्ह शेजारी शेजारी लावून दाखवले. आकडे दाखवले, फॉल्टची यादी दाखवली, स्क्रू दाखवले. त्यांनी बटणं दाबून दोन्ही आकडे स्वतः पाहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे त्याने तुला झाकलं.’ मी हो म्हटलं. पॅनेलच्या किल्ल्या त्यांनी काढून घेतल्या. पुढचं ठरेपर्यंत मी घड्यांच्या टेबलावर. तुला ते स्वतः पत्र लिहिणार आहेत, आणि बाहेरच्या माणसाला नको म्हणून कळवलंय.

घड्यांच्या टेबलावर शेजारी कोण, सांग. काकू. दोन बोटं वाकत नाहीत म्हणून त्यांना तिथे दिलंय. हात चालवता चालवता सगळं सांगितलं. मला वाटलं कानाखाली देतील. त्यांनी हातातली चादर पूर्ण घडी केली, गठ्ठ्यावर ठेवली, मग म्हणाल्या, ‘सात महिने मी त्या माणसाला शिव्या घातल्यात गं. सकाळ-संध्याकाळ. आता त्या मागे कशा घेऊ?’ मी म्हटलं, ‘मला घाला.’ त्या म्हणाल्या, ‘घालीन. आज अंगात त्राण नाही.’ आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. दिवसभर तिकडूनच घड्या घातल्या. जाताना तेवढं म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं, एकदा येऊन भेट.’

आईलाही सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही. उठली आणि शिवणयंत्र तुझ्या खोलीतून बाहेर ओढायला लागली. एकटीला ते हलेना, म्हणून मला हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून ते बाहेर आणलं.

दादा, तू मला वाचवायला नको होतंस. हा तुझ्यावरचा राग समज, आणि एवढा एकच उरलाय. मला त्या वेळी ओरडला असतास तर मी आठ दिवस रुसले असते. तू मात्र गप्प राहिलास आणि मी तुझा संशय घेत बसले. ड्रायरला काही झालं की तू, वीज गेली की तू, आई फोनवर हळू बोलली की तू.

ते पान तू टाकलेलं नसणार. तू साधी पावतीसुद्धा टाकत नाहीस. येताना घेऊन ये, वहीत जागेवर चिकटवायचंय. त्याच्या आधीची नोंद राहिली होती. किल्ल्या द्यायच्या आधी ती मी लिहिली, आणि चहा प्यायले नाही. तुझ्यासाठी तशीच इथे उतरवते.

ड्रायर. थांबायचा वेळ.
आधी: २ सेकंद. नंतर: १२ सेकंद.
तारीख: १४ मे. नोंद केली: १५ फेब्रुवारी.
कारण: दादा ओरडेल ही भीती.
बदल करणारी: ठिणगी, दादाची बहीण